दोन किलो तीनशे

पाणथळीच्या काठावर माणसाची किंमत लेन्सच्या लांबीवरून ठरते. नेरुळला टी. एस. चाणक्यजवळ हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत कुठल्याही रविवारी जा आणि बघा. यायचं ते भरतीचं वेळापत्रक बघून. खाडीला पाणी चढलं की चिखलाची मैदानं बुडतात आणि तिथे चरणारे फ्लेमिंगो थव्याथव्याने अलीकडच्या उथळ तळ्यांवर येऊन उभे राहतात. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत नाव लागलं. पण अभयारण्याची हद्द कुठे संपते याची पक्ष्यांना काही पडलेली नसते. त्यांना पाय टेकतील एवढं पाणी हवं असतं.

काठावर लेन्सांची उतरंड लागलेली असते. ६०० मिलिमीटरची प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, घेऊन कोणी आला की लोक आपणहून बाजूला सरकतात. मग १५०-६०० वाले, मग २००-५०० वाले. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली किट लेन्स घेऊन एखादा कॉलेजचा मुलगा आलाच तर कोणीतरी काका मायेने सांगतात, ‘अरे, फोनवर काढ ना, हल्ली फोनवरही छान येतात.’

निकॉनची २००-५०० घेतल्यापासून या रांगेत मलाही जागा आहे. तिच्याबद्दल माझी एक अक्षराची तक्रार नाही. ५०० मिलिमीटरला एफ/५.६ (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), चित्र लख्ख, आणि या पल्ल्याच्या मानाने किंमत माणसांना परवडेल अशी. स्कूटरवरून उतरायचं, चार पावलं चालायचं आणि मोनोपॉडवर, म्हणजे एकपायी स्टँडवर, चढवायची. तेवढ्या अंतरासाठी तिच्याइतकी गुणी लेन्स नाही.

पण आता अंतर वाढलंय. एप्रिलमध्ये गढवालला जायचं ठरलंय. सारी गावातून देवरियाताल, तिथून जंगलातून चोपता, पुढे तुंगनाथ आणि चंद्रशिला. सॅक आपल्या पाठीवर, खेचर नाही, पोर्टर नाही. मला दोन फोटो हवे आहेत. देवरियातालच्या पाण्यात पडलेलं चौखंबाचं प्रतिबिंब, तो ७१३८ मीटरचा चार माथ्यांचा डोंगर, आणि मोनाल. तुंगनाथच्या वाटेवर गवताळ उतारांवर मोनाल दिसतात, हे पक्ष्यांच्या मागे फिरणाऱ्यांत सगळ्यांना माहीत आहे. नराच्या अंगावर हिरवा, निळा, जांभळा, तांब्याचा असे इतके रंग चमकतात की फोटो बघणाऱ्याला वाटतं हिने सॅच्युरेशन वाढवलंय.

लेन्सचं वजन कागदावर २३०० ग्रॅम आहे, ट्रायपॉडची कॉलर धरून. हूड आणि कॅप कंपन्या त्यात मोजत नाहीत, ज्वेलर जसा खड्याचा हिशोब वेगळा ठेवतो तसं. मी ती सगळ्या लवाजम्यासकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली आणि ट्रेकच्या सामानाच्या यादीत लिहिली. यादीत तिच्या वर स्लीपिंग बॅग होती, खाली जॅकेट. दोघांच्या मध्ये ती एखाद्या पाहुणीसारखी दिसत होती, जिला कोणी ‘तुम्ही नाही आलात तरी चालेल’ असं म्हणू शकत नाही.

वजन कुठून येतं हे समजून घ्यायला फार गणित लागत नाही. एफ-नंबर म्हणजे साधा भागाकार: फोकल लेंथ (लेन्सचा मिलिमीटरमधला पल्ला) भागिले उजेड आत येतो त्या वाटेचा व्यास. ५००ला ५.६ने भागलं की ८९ मिलिमीटर. पुढची काच निदान एवढी रुंद हवीच, त्यात तडजोड नाही. म्हणून फिल्टरचा आटा ९५चा. आता ३००ला ६.३ने भागा. ४८ मिलिमीटर येतात, फिल्टर ५८चा. व्यास जवळपास निम्मा झाला की काचेचं क्षेत्रफळ चौथाईच्या आसपास येतं, जाडीही उतरते, मग ती काच पेलणारी नळी, मोटर, कॉलर सगळंच आटतं. निकॉनची क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरसाठीची ७०-३०० एएफ-पी, व्हीआर (हाताची थरथर सावरणारी सोय) असलेली, ४१५ ग्रॅमची आहे. २३०० आणि ४१५. भौतिकशास्त्र कोणाला सूट देत नाही; पल्ला सोडा, नाहीतर उजेड सोडा, नाहीतर सेन्सर लहान घ्या.

पैसे मोजून सूट मिळते, ती पण थोडीच. निकॉनची ३०० एफ/४ पीएफ ७५५ ग्रॅमची आहे. तिच्या आधीची ३०० एफ/४ याच्या जवळजवळ दुप्पट होती. पीएफ म्हणजे फेज फ्रेनेल. काचेवर अतिशय सूक्ष्म वर्तुळाकार पायऱ्या कोरतात आणि प्रकाशाच्या विवर्तनाचा उपयोग करून घेतात, त्यामुळे एरवी लागणारी जाड भिंगं वाचतात. ज्याचं नाव तिला दिलंय तो फ्रेंच माणूस फ्रेनेल. दीपगृहांची अवजड भिंगं हलकी करायची युक्ती त्याचीच, १८२०च्या दशकातली. दोनशे वर्षांपूर्वीही कोणाला तरी काचेचं वजन उचलवत नव्हतं, हे वाचून मला बरं वाटलं. पण ही लेन्स झूम नाही. मोनाल दहा फुटांवर आला तर मी मागे कुठे जाऊ? मागे दरी. आणि किमतीबद्दल न बोललेलं बरं.

मधली वाट म्हणजे १००-४००. टॅमरॉनची साधारण ११३५ ग्रॅम, सिग्माची ११६०. फोर्टात कॅमेऱ्यांच्या गल्लीत जाऊन हातात धरून बघितल्या. दुकानदार म्हणाला, ‘ताई, वजन बघून काय लेन्स घेता? फोटो वजनाने विकायचेत का?’ मग लगेच काउंटरखालून एक ७०-२०० एफ/२.८ काढली. चौदाशेच्या वर ग्रॅम, आणि पल्ला दोनशे. ‘पण काय उजेड आहे बघा!’ उजेड होता, खरंच होता. मी त्याचे आभार मानून चहा पिऊन परत पनवेल लोकल पकडली.

१००-४०० वाईट नाही. पक्ष्यांसाठीच निघाले असते तर तीच घेतली असती. पण मला वजनाइतकीच दुसरी एक गोष्ट मोजायची होती: पक्षी दिसल्यापासून शटर दाबेपर्यंत जाणारा वेळ. तो कुठल्याच ब्रोशरमध्ये छापलेला नसतो. पनवेलजवळच्या कलावंतीण सुळक्याच्या कातळात खोदलेल्या पायऱ्यांवर उभं राहून मोठी लेन्स काढायची म्हणजे काय, ते सांगते. आधी उभं राहायला जागा शोधायची. सॅकचा कमरेचा पट्टा सोडायचा, छातीचा सोडायचा, एक खांदा मोकळा, मग दुसरा. सॅक घरंगळू नये म्हणून ती गुडघ्याने दाबून धरायची. वरचं झाकण, आतली दोरी, त्यावर ठेवलेली डब्याची पिशवी बाजूला. लेन्सची पिशवी दोन्ही हातांनी ओढायची. बॉडीवरची जुनी लेन्स काढून ठेवायला तिसरा हात नसतो, तेव्हा कॅप दातात. हूड उलटा बसवलेला असतो, तो सुलटा. तोवर शिक्रा प्रबळगडाच्या पलीकडे पोचून घरट्यात जेवायला बसलेला असतो. एकदा हे सगळं केलं की पुढच्या शिक्र्याला आपण नुसतं डोळ्यांनी बघतो आणि ‘किती सुंदर’ म्हणतो.

म्हणून मला अशी लेन्स हवी होती जी बॉडीवर चढवलेलीच राहील आणि कॅमेरा सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर क्लिपला लटकेल. बॉडी अधिक ४१५ ग्रॅम छातीवर टांगून चालता येतं. बॉडी अधिक ११३५ घेऊनही चालता येतं, पण मग पट्टा एका बाजूला ओढतो आणि दुपारपर्यंत मान बोलायला लागते. मी हे पारसिक हिलवर करून बघितलं. बेलापूरहून वर जाणाऱ्या चढावर सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ असते. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि तांदळाची पिशवी, छातीवर एका मित्राची उसनी १००-४००. रोजच्या फेरीतले एक आजोबा थांबून म्हणाले, ‘काय ताई, घरच्यांशी भांडलात?’ दुसऱ्या आठवड्यात तेवढाच तांदूळ, पण छातीवर ७०-३००. आजोबांनी तोच प्रश्न विचारला. फरक एवढाच की या वेळी उत्तर द्यायला माझ्याकडे दम शिल्लक होता.

ही ७०-३०० आली कुठून, तर आमच्याच सोसायटीतून. आपल्याकडे कितीतरी वर्षं कॅमेरा ‘डबल किट’मध्ये विकला गेला: १८-५५, ७०-३०० आणि वर एक बॅग. मूल झालं की लोक कॅमेरा घेतात, मूल शाळेत गेलं की कॅमेरा कपाटात जातो, आणि ७०-३०० तर बरेचदा खोक्यातून बाहेरच येत नाही. नवी मुंबईतल्या कपाटांत अशा किती निजलेल्या असतील! ग्रुपवर एक ओळ टाकली, तर संध्याकाळपर्यंत दोन दारात आल्या. त्यातली एक व्हीआर नसलेली होती, ती परत केली. या दोन जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, म्हणून नावात व्हीआर ही अक्षरं आहेत का ते वाचून घ्यावं. आणखी एक: एएफ-पी, म्हणजे स्टेपिंग मोटरने फोकस करणाऱ्या, जातीच्या लेन्स काही जुन्या निकॉन बॉडींवर फोकसच करत नाहीत. उसनी आणा किंवा विकत घ्या, आधी आपल्या बॉडीवर लावून बघा.

लेन्स दिसायला साधीच. माउंट प्लॅस्टिकचा, अंगावर एकही बटण नाही, व्हीआर बंद-चालू करायचं तर कॅमेऱ्याच्या मेनूत शिरावं लागतं. ३००ला टोकाशी थोडी मऊ पडते, एफ/८ला आणली की सावरते. मोठीच्या तुलनेत ६.३ आणि ५.६ हा फरक एक तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), तो आयएसओवर, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता वाढवून, भागतो. बांज-बुरांशच्या (ओक आणि ऱ्होडोडेंड्रॉनच्या) जंगलात सकाळी आयएसओ चढणारच, ते मोठीलाही चुकलं नसतं.

खरा प्रश्न ५००वरून ३००वर येण्याचा. माझ्या बॉडीचं चित्र ६००० बाय ४००० पिक्सेलचं. ३००ने काढून ५००इतकं कापायचं तर दोन्ही बाजू साठ टक्क्यांवर येतात: ३६०० बाय २४००. चोवीस मेगापिक्सेलचे साडेआठ उरले. ऐकायला घसरण मोठी, पण ए-फोर आकाराचा चांगला प्रिंट एवढ्यात निघतो, आणि त्यापेक्षा मोठा मोनाल लावायला आमच्या हॉलमध्ये भिंतच नाही. जी होती तिथे टीव्ही आहे. चौखंबाला तर लांब लेन्स लागतच नाही. १०० ते २००च्या मध्ये डोंगरांच्या रांगा एकमेकींना चिकटून येतात आणि जे हवं ते मिळतं. हवेतला धूर-धुरळा कुठलीच लांबी कापत नाही. त्यासाठी पहाटे उठावं लागतं, आणि त्याचं वजन शून्य असतं. (माझ्या नवऱ्याच्या मते नसतं.)

काय सोडलं याचीही यादी आहे. उंच घिरट्या घालणारं गिधाड माझ्या फोटोत ठिपका येणार. झाडाच्या शेंड्यावरचा कस्तुर ओळखण्यापुरता. पलीकडच्या उतारावर भरल, म्हणजे हिमालयातली रानमेंढी, चरताना दिसलंच तर मी ते दुर्बिणीतून बघेन. दुर्बीण नवरा घेतोय. मोठी लेन्स घेतली असती तर हे फोटो मिळाले असते का, तर तंबूपासून हाकेच्या अंतरातले मिळाले असते. चढावर ती पाठीवर झोपली असती.

राहता राहिला भाचा. तो ऐरोलीला राहतो, कॅननचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, वापरतो आणि माझ्या आरशाच्या कॅमेऱ्याकडे आपण आजोबांच्या रेडिओकडे बघावं तसं बघतो. त्याच्याकडे १००-४०० आहे, आणि वजन? ६३५ ग्रॅम. मी आधी थापच समजले. मग तोच भागाकार केला: ४०० भागिले ८, पन्नास मिलिमीटर. कॅननने ४००ला एफ/८ देऊन टाकलाय. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच होतो, त्यामुळे एफ/८ला कॅमेरा बावचळत नाही; आमच्या जुन्या बॉडींचं फोकसिंग एवढ्या कमी उजेडात कुरकुरतं.

‘मावशी, तू पण बदल ना आता सिस्टिम,’ तो म्हणाला.

‘अरे, त्या पैशांत मी चारदा चोपत्याला जाऊन येईन.’

‘मग मी येऊ का?’

त्याचं हरिद्वारचं तिकीट मी काढलंय. अट एकच, आणि ती त्याच्या आईसमोर कबूल करून घेतली आहे: मोनाल तीनशेच्या पल्ल्याबाहेर असेल तर त्याचा कॅमेरा पहिली दोन मिनिटं माझ्या हातात.