पारोसा

आज गुंड्या वरच्या काकूंकडं आंघोळ करून आला. स्वतःहून! केस ओले, गळ्यापर्यंत पावडर, अंगात त्यांच्या नातवाचा ढगळ सदरा. "मम्मी, मी न्हालो," म्हणाला, जसं काही पानिपत जिंकून आलाय.

मी आधी एवढंच विचारलं, मोरीत एकटा तर नव्हता ना? अर्ध्या बादलीतसुद्धा लेकराचा जीव जाऊ शकतो, त्यामुळं हे विचारल्याशिवाय राहवत नाही. नव्हता. काकू पाट घेऊन शेजारीच बसल्या होत्या. मग मला राग आला. राग तरी कसला? लेकरू स्वच्छ झालं, माझं काम वाचलं. पण काहीतरी टोचायलंय ते टोचायलंयच.

कारण हाच गुंड्या सकाळी दाराची कडी धरून असा बोंबलत होता की गल्लीला वाटावं, घरात सावत्र आई आहे. व्हॅन कोपऱ्यावर हॉर्न मारत होती. आतून आत्या, "पारोसं लेकरू शाळंत धाडतीस का?" नवरा पेपरात डोकं घालून. शेवटी हातपाय पुसून तसाच धाडला.

आणि मी काय कमी केलं? बदक आणलं, होडी आणली, लाल मग आणला. फेसाची मिशी काढून दाखवायला गेले तर फेसच होईना. आमचं बोअरचं पाणी जड, क्षारांमुळं साबणाचा नुसता चिकट साका होतो. बादलीत आधी थंड ओतते, मग गरम, कोपर बुडवून बघते. ३७ अंशांच्या आसपास असावं, अंगाच्या उबेएवढं, म्हणून. तरी मी वाईट, आणि काकू चांगल्या. पाणी तेच, टाकी तीच.

सदरा परत द्यायचं निमित्त काढून वर गेले. खरं तर बघायला गेले होते की त्यांच्या मोरीत असं आहे तरी काय. काही नाही. फरशी फुटलेली, नळ गळका. मग काय झालं ते काकूंनीच सांगितलं.

उद्या एकादशी, म्हणून त्या चिंचेनं देव घासत बसल्या होत्या. गुंड्या लुडबुड करायला लागला तर त्यांनी बाळकृष्ण त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "घाल की आंघोळ. पण डोळ्यात जाऊ देऊ नको हं, मागून ओत." ह्यानं ताम्हनात बसवून, एक हात देवाच्या कपाळावर आडवा धरून, मागून बारीक धार सोडली. देव पुसून झाल्यावर आपणच सदरा काढला, मान वर केली आणि म्हणाला, "आता मला पण मागून."

बस्स. एवढंच होतं होय ते.

त्याला पाण्याची भीती नाहीच. पावसाच्या डबक्यातून तर ओढून आणावं लागतं. डोळे मिटलेले असताना अचानक डोक्यावर कोसळतं, त्याची भीती. आणि मी तांब्या एका दमात रिकामा करते. सवय आहे. २०१६ चा उन्हाळा ज्यांनी लातुरात काढला त्यांच्या हाताला ती आहेच. मांजरा धरण कोरडं, टाक्यांजवळ जमावबंदी, आणि मिरजेहून ३४० किलोमीटरवरून रेल्वेनं पाणी. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, १० वाघिणींत ५ लाख लिटर. मोठी तेव्हा पाळण्यात होती. एक तांब्या डोक्यावरून असा ओतायचा की साबणही निघावा आणि खालच्या घमेल्यात पडलेलं पाणी फरशीला उरावं. त्या वेळी मोठीला मी... जाऊ दे.

ह्यात माझी चूक आहे का? मी तर नाही म्हणणार. बारीक धार सोडत बसायला काकूंना कुठं व्हॅन गाठायचीय. त्यांच्या नातवाची आंघोळही सुट्टीतलीच. रोज सकाळी उठून हे करून दाखवा म्हणावं.

तरी टोचतंय. त्याला मागून पाहिजे होतं, हे त्यानं मला का नाही सांगितलं? कडी धरून बोंबलताना तेच सांगत असेल म्हणा.

हसूही येतंय आता. देव मिळाला म्हणून लेकरू न्हालं, असं कुणाला सांगायचं! रात्री आत्यांना विचारलं, आंघोळ संध्याकाळी शाळेतून आल्यावर घातली तर चालेल का? हो नाही, नाही नाही. मग विचारलं, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण मोरीत नेला तर? त्यांनी असं बघितलं की विषयच मिटला.

माळ्यावरून मोठीची जुनी बाहुली काढून ठेवलीय. एक डोळा मिटतच नाही आणि केस खराट्यासारखे उभे. हिला मागून ओतलं काय अन् पुढून ओतलं काय, पण गुंड्याला ते सांगायचं नाही.