तुम्हाला हसू कसं येतं?

वाचनकट्ट्यावर कादंबरीकार काफ्काचा विषय निघाला की कोणीतरी मला विचारतंच, "गुन्हा काय ते न कळताच एक माणूस मारला जातो आणि तुम्ही खिदळता? कसं काय?" परवा पुन्हा विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एक तर मी एकटी हसत नाही. गुन्हा न कळताच मारल्या जाणाऱ्या त्या माणसाची कादंबरी म्हणजे 'द ट्रायल'. तिचं पहिलं प्रकरण काफ्काने मित्रांना वाचून दाखवलं तेव्हा सगळे हसत होते आणि खुद्द काफ्काला हसण्यापायी पुढे वाचता येईना, असं त्याच्या मित्राने, माक्स ब्रोडने, लिहून ठेवलंय. शिवाय काफ्का स्वतः कचेरीतलाच. १९०८ ते १९२२ प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत त्याने नोकरी केली. लाकडाला रंधा मारणाऱ्या यंत्रात कामगारांची बोटं कशी जातात आणि ती कशी वाचवता येतील, यावर त्याने सचित्र टिपण लिहिलंय. बढतीबद्दल आभार मानायला संस्थेच्या अध्यक्षांपुढे उभा राहिला, तेव्हा त्यांचा तो राजेशाही थाट बघून त्याला हसू आवरेना. १९१३ च्या जानेवारीत आपल्या प्रेयसीला, फेलिस बावरला, लिहिलेल्या पत्रात त्याने हा फजितीचा प्रसंग चवीने सांगितलाय.

पण माझी खरी लाडकी गोष्ट रशियन आहे. युरी तिन्यानोवची 'लेफ्टनंट किझे', १९२८ ची. झार, म्हणजे रशियाचा सम्राट, पॉल याच्या काळात एक कारकून घाईघाईत हुकुमाची नक्कल करतो. मूळ शब्द 'पोदपोरुचिकी झे', म्हणजे 'कनिष्ठ लेफ्टनंट मात्र'. लिहिताना अक्षरं इकडची तिकडे होतात आणि 'पोदपोरुचिक किझे' नावाचा अधिकारी जन्माला येतो. त्यावर झारची सही! आता चूक झाली म्हणून सांगणार कोण? मग किझेला फटके बसतात, म्हणजे रिकाम्या बाकाला. पहारेकरी त्याला सैबेरियापर्यंत चालवत नेतात. पुढे माफी, लग्न, मुलगा, जनरलपद, आणि शेवटी रिकाम्या पेटीची इतमामाने अंत्ययात्रा.

त्याच हुकुमात कारकुनाने सिन्युखायेव नावाच्या धडधाकट लेफ्टनंटला मयत लिहिलेलं असतं. हा जिवंत आहे, परत सेवेत घ्यावं, असा अर्ज जातो. झारचा शेरा येतो: त्याच कारणास्तव नामंजूर.

त्याच कारणास्तव! या दोन शब्दांवर मी दरवेळी फुटते. त्यात क्रौर्य नाही, राग नाही, व्याकरणही चोख. आपल्याकडच्या 'सबब'सारखंच: 'सबब' आला की पुढे काही बोलायची सोय उरत नाही. ज्या कादंबऱ्यांत साहेब खलनायकासारखे डोळे वटारतात, त्या मला कंटाळवाण्या वाटतात. तिथे निदान भांडायला समोर माणूस तरी असतो. किझेच्या गोष्टीत दुष्ट असा कोणी सापडतच नाही. जो तो आपापलं काम नीट करतोय. खुद्द सिन्युखायेवलाही हळूहळू वाटायला लागतं की आपण बहुधा नसूच. इथे मात्र माझं हसू थांबतं, हेही सांगून टाकते.

आमच्या आईचं कुटुंब निवृत्तिवेतन आहे. एका नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी तिला घेऊन गेले होते. आयुष्यभर भांडी घासून अंगठ्याच्या रेषा गेलेल्या. मशीन काही ठसा घेईना. खिडकीतला मुलगा भला होता. त्याने अंगठा पुसून दिला, दुसरं बोट लावून बघितलं, आईला बसायला स्वतःची खुर्चीही दिली. मग ओशाळून म्हणाला, "मावशी, मशीन तुम्हाला ओळखत नाहीये."

आई म्हणाली, "मी नसेन, तर सकाळपासून रांगेत कोण उभं होतं रे?"

मागची रांग हसली. तोही मनापासून हसला. म्हणाला, "मला पटतंय हो मावशी. पण मशीनला कसं सांगू?"