पातीपासून दांड्यापर्यंत: आमची वाटचाल

आमचा व्यवसाय सुरू झाला तो वाळवलेल्या गवती चहाच्या पातीवर. पात कापायची, सावलीत वाळवायची, पाकिटं भरायची. उकळत्या पाण्यात घालायला पात उत्तमच. पण स्वयंपाकात खरी कामगिरी बुंध्याकडच्या जाड, पांढरट दांड्याची. थाई आणि व्हिएतनामी पदार्थ करणारे स्वयंपाकी आमच्याकडे दांडेच मागू लागले आणि आमचं काम तिकडे वळलं.

दांडा हाताला जड लागला पाहिजे, बुंधा घट्ट पाहिजे. वरचे निबर पदर सोलले की आत फिकट जांभळट कडी दिसतात. बुंध्याकडचा साधारण 8 ते 10 सेंटिमीटर भाग कोवळा, तोच खाण्याजोगा. रश्शासाठी दांडा बत्त्याने ठेचून अख्खा सोडायचा आणि वाढताना काढून घ्यायचा. तोम यम या आंबट-तिखट थाई सूपमध्ये तो गलांगल (आल्यासारखा कंद) आणि माक्रुत या सुवासिक लिंबाच्या पानांबरोबर असाच पडतो. चावून खायचा असेल, तर मात्र आडव्या, अगदी पातळ चकत्याच हव्यात. जाड तुकडा कितीही शिजवा, तोंडात चोथाच येतो.

आमचं सगळ्यात आवडतं उत्पादन म्हणजे वाटण. तेही आधी बारीक चकत्या करूनच, नाहीतर धागे मिक्सरच्या पात्याला गुंडाळतात. गवती चहाचा सुगंध मुख्यतः सिट्राल या सुगंधी द्रव्याचा. लिंबाच्या सालीतही सिट्राल असतं, म्हणून वास ओळखीचा वाटतो. आंबटपणा मात्र यात नाही, त्यासाठी लिंबू वेगळं पिळावं लागतं. सिट्राल पाण्यापेक्षा तेलात सहज उतरतं. म्हणूनच वाटण तेलावर मंद परतावं किंवा नारळाच्या दुधात शिजवावं, असं आम्ही प्रत्येक बरणीवर आवर्जून छापतो. उघड्या भांड्यात खळखळ उकळत ठेवलं, तर निम्मी मजा वाफेबरोबर जाते.

लांब, सरळ दांडे आम्ही वेगळे काढतो. बालीमध्ये साते लिलित करताना मसाला घातलेला माशाचा खिमा अशा दांड्याभोवती लिंपून निखाऱ्यावर भाजतात. काडीचं काम होतं आणि वासही आतून मुरतो. आम्हाला या पदार्थाचं फार कौतुक आहे.

पात आजही विकतो, पण भर गोठवलेल्या दांड्यांवर आहे. वाळवल्यावर दांड्याचा ताजेपणा बराच हरवतो, गोठवल्यावर पुष्कळसा टिकतो. फ्रीझरमधून काढून थेट ठेचायचा आणि रश्शात सोडायचा.