'स्मोक ऑन द वॉटर' : रिफ सोपी, उजवा हात अवघड

गिटार हातात आल्यावर पहिल्या काही दिवसांतच बहुतेक जण 'स्मोक ऑन द वॉटर'ची रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी छोटी चाल, वाजवतात, 'जमली' म्हणतात आणि तिला कायमची मागे टाकतात. माझ्या मते घाई होते ती इथेच. डाव्या हाताला या रिफमध्ये फारसं काम नाही, हे खरं. पण क्लासिक रॉकमध्ये गिटारचा जो ठोस, नेमका आवाज ऐकू येतो, तो उजव्या हातातून येतो, आणि तो हात घडवायला याहून चांगला धडा क्वचितच मिळेल.

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडनं हे गाणं डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला रेकॉर्ड केलं. १९७२ च्या 'मशीन हेड' या अल्बममध्ये ते आलं. बँडचा गिटारवादक रिची ब्लॅकमोरच्या रिफमध्ये चाल फक्त चार सुरांची आहे : जी, बी फ्लॅट, सी आणि डी फ्लॅट. मात्र यातला एकही सूर एकटा येत नाही. प्रत्येकाच्या खाली एक जोडीदार आहे आणि त्या दोघांत षड्ज-मध्यमाचं अंतर आहे. म्हणजे जीच्या खाली डी, बी फ्लॅटच्या खाली एफ, सीच्या खाली जी, डी फ्लॅटच्या खाली ए फ्लॅट.

पहिली चूक इथे होते. पॉवर कॉर्डची सवय असलेला हात सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला (गळ्यावरच्या आडव्या पट्टीला) जातो आणि षड्ज-पंचमाची जोडी वाजवतो. सूर 'बरोबर' लागतात, पण आवाज जड येतो आणि बेसच्या अंगावर बसतो. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे अॅम्प आवाज फाडतो तेव्हा, दोन सूर एकत्र वाजले की त्यांच्या फरकाचा तिसरा सूर तयार होतो. मोकळी तिसरी तार १९६ हर्ट्झची, मोकळी चौथी १४७ ची. फरक ४९, आणि तोही जीच, दोन सप्तकं खालचा. म्हणून डी खाली असूनही कानाला मुख्य सूर जीच वाटतो. पॉवर कॉर्डमध्येही हाच ४९ हर्ट्झचा सूर मिळतो, पण तिथे ९८ हर्ट्झचा खरा जी आधीच खालची जागा अडवून बसलेला असतो. मध्यमाच्या जोडीत ती जागा मोकळी राहते, त्यामुळे रिफ टोकदार ऐकू येते.

बोटं अशी ठेवा. चौथी आणि तिसरी तार, दोन्ही एकदम. मोकळ्या, तिसरा फ्रेट, पाचवा फ्रेट. मोकळ्या, तिसरा, सहावा, पाचवा. मोकळ्या, तिसरा, पाचवा, तिसरा, मोकळ्या. तिसऱ्या फ्रेटला तर्जनी आडवी, पाचव्याला अनामिका आडवी, सहाव्याला करंगळी. करंगळी दोन तारा दाबू शकत नसेल तर अनामिकाच सहाव्यावर नेऊन परत आणा, पण सरकताना दाब सोडा, नाहीतर मधे घसरण ऐकू येते. मोकळ्या तारांऐवजी पाचवी आणि चौथी तार पाचव्या फ्रेटला दाबली तरी तेच दोन सूर मिळतात. फक्त मोकळ्या तारेतली झणझण जाते.

आता उजवा हात. ब्लॅकमोर ही रिफ पिकनं न वाजवता बोटांनी तारा ओढून वाजवतो. अंगठा चौथ्या तारेवर, तर्जनी तिसऱ्या तारेखाली, आणि दोन्ही एकाच क्षणी सोडायच्या. पिक कितीही वेगानं फिरवलं तरी ते आधी एका तारेला लागतं, मग दुसरीला. तो अंतराचा कण ऐकू येतो. बोटांनी दोन्ही सूर एकदम सुटतात. अंगठा आणि तर्जनी एकमेकींकडे चिमटीसारखी येऊ द्या. तारा वर उचलून सोडल्या तर त्या फ्रेटवर आपटतात आणि टकटक येते.

सूर सुरू करण्याइतकंच तो थांबवणं महत्त्वाचं आहे. तीच दोन बोटं परत तारांवर टेकवली की आवाज तिथल्या तिथे बंद होतो. पहिले दोन आघात असे तोडून घ्या आणि तिसरा वाहू द्या. गाण्याच्या सुरुवातीला गिटार एकटी आहे, नंतर हाय-हॅट येते, मग जॉन लॉर्डचा मार्शल अॅम्पमधून वाजणारा हॅमंड ऑर्गन हीच रिफ सोबत धरतो, पुढे बाकीचे ड्रम्स आणि शेवटी बेस. एवढे थर चढूनही गिचमिड होत नाही, याचं मोठं श्रेय त्या मोकळ्या जागांना आहे.

लयीत सगळ्यात जास्त फसगत दुसऱ्या तुकड्यात होते. 'एक नि दोन नि तीन नि चार नि' असं मोठ्यानं मोजा. पहिला तुकडा सरळ आहे : एक, दोन, तीन. दुसरा तुकडा मात्र पुढच्या समेवर सुरू होत नाही, आधीच्या 'चार'च्या 'नि'वर सुरू होतो. त्यानंतर एकचा 'नि', दोनचा 'नि' आणि तीनवर लांब सी. तिसरा तुकडा पुन्हा एक, दोन, तीन. मग चारचा 'नि' आणि पुढच्या एकच्या 'नि'वर शेवटचा जी. दुसरा तुकडा समेवर ओढला की रिफ शाळेच्या कवायतीसारखी चालते. मेट्रोनोम ६० वर ठेवा आणि आधी फक्त टाळ्यांनी हे बसवा; मग गिटार घ्या. मूळ गाण्याची गती साधारण ११२ आहे, पण ९० ला आघात नि थांबे स्वच्छ येईपर्यंत तिकडे जाऊ नका.

जोडीत लाटांसारखी थरथर ऐकू आली तर ट्यूनिंग तपासा. गिटारवरचा मध्यम शुद्ध मध्यमाच्या फार जवळ असतो, तेव्हा थरथर म्हणजे तार उतरली आहे किंवा बोट जास्त दाबतंय. तिसरी तार दाबाला लगेच चढते, म्हणून फ्रेटच्या अगदी मागे आणि लागेल तेवढाच दाब.

अॅम्पवर गेन (आवाज किती फाटेल ते ठरवणारं बटण) दहापैकी चार-पाच, मिड सहा-सात, बेस चार, ब्रिज पिकअप. हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) असेल तर गेन आणखी कमी. गेन वाढवला की आघाताची धार बोथट होते आणि थांबे सुरसुरीनं भरून जातात. ब्लॅकमोरच्या आवाजातली ताकद जोरदार आघाताची आहे.

कडवं जीभोवतीच फिरतं, मधे एफला जाऊन येतं. ध्रुवपदात पॉवर कॉर्ड येतात : पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा सी, सहाव्या तारेवर चौथ्या फ्रेटचा ए फ्लॅट, मग तिसऱ्याचा जी. इथे पिक घ्या.

सोलोआधी जी मायनर पेंटॅटॉनिक (पाच सुरांची सरगम) तिसऱ्या फ्रेटला बसवा आणि एकच बेंड, म्हणजे तार ढकलून सूर चढवणं, घोटा : तिसरी तार, पाचवा फ्रेट, सी पासून डी पर्यंत. अनामिकेमागे मधलं बोट आणि तर्जनी आधाराला, अंगठा गळ्यावरून वर, आणि जोर मनगटाच्या वळणातून. आधी दुसरी तार तिसऱ्या फ्रेटला वाजवा, तो डी कानात धरा, मग बेंड करा. बहुतेकांचा बेंड थोडा खालीच राहतो. तो सुरावर पोचल्याशिवाय व्हायब्रॅटो (सुराला झोके) देऊ नका. दिला तर सूर कमी पडल्याचं आणखी उघडं पडतं. व्हायब्रॅटो देताना तार थोडी सैल करून परत त्याच डीवर आणा. प्रत्येक झोक्यात सूर तिथेच परत लागतो की नाही, हे फोनवर रेकॉर्ड करून ऐका, कारण वाजवताना कान तेवढा कडक राहत नाही.