ताप उतरल्यानंतरचं दुखणं

गुरुवार, ५ डिसेंबर २०२४

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट लेकीने मांडला, मी खुर्चीत बसून सांगत होते. कलशात पानं कशी लावायची, सुपारी कुठे ठेवायची, सगळं सांगून झालं. रांगोळी मात्र मलाच काढायची होती. चिमूट भरली आणि अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत कळ गेली. रांगोळी एकसारखी सुटायला बोटांत जो हलका दाब धरावा लागतो, तो माझ्या हाताला सध्या धरताच येत नाही. रेघ कुठे जाड पडते, कुठे तुटते. लेक म्हणाली, "आई, राहू दे, मी पूर्ण करते." तिने छान काढली. तरी मला रडू आलं.

चिकुनगुन्या झाला तो श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या सुमारास. यंदा पुण्यात घरटी कुणी ना कुणी आजारी होतं. ताप चढला त्याच रात्री हातापायाचे सांधे असे धरले की कूस बदलायलाही यांना हाक मारावी लागली. पण तो ताप लवकर उतरला. अंगावरचं पुरळ गेलं. नाकावर आलेला काळपट डाग तेवढा गणपतीपर्यंत दिसत होता, हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीने त्याबद्दल विचारलं. त्याची मला फारशी चिंता नव्हती. चिंता आहे ती सकाळची.

सकाळी उठल्यावर मुठी वळत नाहीत. बोटं सुजलेली, अंगठी काढून ठेवली ती अजून कपाटातच आहे. टाच जमिनीला टेकली की पहिली पावलं भिंतीला धरून टाकायची. मोरीत कोमट पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसायचं, बोटं एकेक करून मिटायची, उघडायची. मग कुठे ब्लाउजचे हुक लागतात. कुकरचं झाकण हे बसवून देतात. कणीक मळणं लेकीकडे गेलंय. भाकरी मी सोडूनच दिली, थापताना तळहातावर जोर आला की मनगट जागच्या जागी थांबतं. दहा-अकरा वाजले की हात जरा सैल होतात, आणि लोकांना मी दिसते ती नेमकी त्यानंतर.

शाळेत रुजू होताना दाखला मागितला होता. डॉक्टरांनी लिहून दिलं, ताप नाही, कामावर जाण्यास हरकत नाही. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण हात खांद्याच्या वर नेऊन फळ्यावर तास-तासभर लिहिता येईल का, सहामाहीचे पेपर तपासताना पेन धरवेल का, हे त्या दाखल्यात कुठे मावणार? "अजून दुखतंय का हो?" असं शिक्षकखोलीत विचारतात तेव्हा मनापासूनच विचारतात, पण त्या विचारण्यात थोडा संशय मिसळायला लागलाय, तो मला ऐकू येतो. दिवाळीनंतर तर मी दुखणं सांगायचंच बंद केलं. ते बंद केलं हेच मला सगळ्यात जास्त लागलंय.

घरात माझ्यावर पहिल्या दिवसापासून विश्वास ठेवला तो सासूबाईंनी. त्यांचं माहेर बार्शीचं. १९७३ साली बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती, तेव्हा त्या लग्नाच्या वयाच्या होत्या. त्या सांगतात, "अगं, ताप चार दिसांत गेला, पण माझी आई पुढं कितीतरी दिस जातं ओढताना कण्हायची. सोंग नसतं हे." त्या साथीनंतर हा आजार आपल्याकडे जवळपास तीन दशकं दिसलाच नाही. परत आला तो २००५ मध्ये, आणि २००६ मध्ये देशभरात १३ लाखांहून जास्त संशयित रुग्णांची नोंद झाली. म्हणजे आपल्याला हा आजार नवा नाही. बार्शीतल्या बायकांना जे पन्नास वर्षांपूर्वी ठाऊक होतं, ते मला श्रावणात कुणी सांगितलं असतं तर मी दर सोमवारी "या आठवड्यात बरं वाटेल" अशी वाट पाहत स्वतःला दोष देत बसले नसते.

डॉक्टरांनी आता नीट समजावून सांगितलं आहे. रक्तातला विषाणू साधारण आठवड्याभरात जातो, पण सांध्यांमधली सूज आपल्याच प्रतिकारशक्तीमुळे पुढेही चालू राहू शकते. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत ओसरतं. तीन महिन्यांच्या पुढे गेलं तर मात्र त्याला जुनाट दुखणं धरतात. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्यांना आणि बायकांना हा त्रास जास्त राहतो. मी दोन्हींत बसते. तीन महिने माझे उलटून गेलेत, म्हणून त्यांनी संधिवाताच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली आहे. आरए फॅक्टर आणि अँटी सीसीपी या रक्ताच्या चाचण्या करून घेतल्या, कारण आधीपासून दबलेला संधिवात अशा तापानंतर वर येऊ शकतो.

हे ऐकून घाबरायला हवं होतं, पण उलट हलकं वाटलं. माझ्या दुखण्याला कागदावर जागा मिळाली.

खालच्या मजल्यावरच्या सुनेला काल ताप आला. सांधे धरलेत म्हणाली, मेडिकलमधून कुठलीतरी दुखण्याची गोळी आणून ठेवली होती. मी आधी ती बाजूला ठेवायला लावली. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय काही नको, रक्तस्रावाचा धोका असतो. रक्त तपासायला पाठवलं. तिच्या गॅलरीतल्या कुंड्यांखालच्या ताटल्या आणि फ्रिजच्या मागचा ट्रे तिच्या नवऱ्याकडून रिकामा करून घेतला. डेंग्यू-चिकुनगुन्या पसरवणारा डास दिवसा चावतो आणि एवढ्याशा स्वच्छ पाण्यातही वाढतो. मग तिच्या सासूला शेजारी बसवून सांगितलं की चिकुनगुन्या निघाला तर ताप उतरल्यावरही हिचे हात काही महिने दुखू शकतात, तेव्हा तिला लगेच कामाला लावू नका. त्यांनी मान डोलावली. पुढच्या महिन्यात पुन्हा सांगावं लागेल, मी सांगेन.

शनिवारी संधिवाताच्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. विचारायचं ते आत्ताच लिहून ठेवते, तिथे गेल्यावर विसरायला होतं. सूज उतरवायच्या गोळ्या किती दिवस घ्यायच्या आणि पित्ताचं काय करायचं. मेथोट्रेक्सेट हे संधिवातावरचं औषध सुरू करायची वेळ आली तर कुठल्या तपासण्या करत राहायच्या. बोटांचे व्यायाम दुखत असतानाही करायचे का. आणि शाळेसाठी नवा दाखला, ज्यात ताप नाही एवढंच न लिहिता फळ्यावरचं लिहिणं कमी ठेवावं असं स्पष्ट लिहिलेलं असेल.