टायरवरची नक्षी, कामाची किती अन् शोभेची किती?

टायरवरच्या खाचा म्हणजे ग्रिपसाठी, विषय संपला, असंच आपण धरून चालतो ना. पण कंपन्या याच नक्षीवर डिझाइन पेटंट काढतात आणि ते मिळतं दिसण्यावर, कामावर नाही! अमेरिकेतलं असं एखादं पेटंट उघडून बघा, नुसती चित्रंच चित्रं, समोरून, बाजूने, तिरकं, जवळून, आणि दावा फक्त एका वाक्याचा, की चित्रात दाखवलंय तसं टायर ट्रेडचं, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या पट्ट्याचं, शोभेचं डिझाइन, बास. पाणी कसं निघतं, ब्रेक कसा लागतो, चकार शब्द नाही. ज्या भागावर हक्क सांगायचा नाही तो तुटक रेषांनी काढतात, म्हणजे बऱ्याचदा साइडवॉल, टायरची बाजू. मुदत आता 15 वर्षं, मे 2015 च्या आधीच्या अर्जांना 14 होती.

आता रबरात शोभा कसली असं वाटेल, पण माझ्या मते भरपूर आहे. पाणी बाहेर काढायला रुंद खाच लागते हे खरंच, पण ती सरळ न्यायची का नागमोडी, टोकाला निमुळती करायची का बोथट, ब्लॉकचे, म्हणजे खाचांमधल्या रबराच्या उंचवट्यांचे, कोपरे कसे कापायचे, यात डिझायनरला बरंच मोकळं रान असतं. कायदाही साधारण तेच बघतो, की तेच काम दुसऱ्या आकाराने झालं असतं का. झालं असतं तर हा आकार निवडलेला, म्हणून तो शोभेचा.

खरी कसरत आवाजाची. सगळे ब्लॉक एकाच मापाचे ठेवले तर गाडी पळताना एकाच सुरात भुणभुण चालू होते, डोकं उठतं, म्हणून ब्लॉकची लांबी मुद्दाम लहान-मोठी करून टायरभर मिसळतात म्हणजे आवाज वेगवेगळ्या सुरांत विखुरतो. पण बघणाऱ्याला नक्षी एकसारखीच वाटली पाहिजे! नवीन टायर हळूहळू फिरवत नीट बघा, मापातला फरक कळतो, आणि एकदा दिसला की मग प्रत्येक पार्किंगमध्ये तेच बघत बसाल, सांगून ठेवतोय.

सुरुवातीचे टायर चक्क गुळगुळीत असायचे, कॉन्टिनेंटलने 1904 मध्ये गाडीसाठी नक्षीचा टायर आणला. फायरस्टोनची 1908 ची आयडिया तर कमाल, ट्रेडवर तिरकी अक्षरंच, 'फायरस्टोन' आणि 'नॉन स्किड'. तीच पकड, तीच जाहिरात, मातीच्या रस्त्यावर नाव छापत जायचं. मला विचाराल तर टायरवर इतकं प्रामाणिक डिझाइन परत झालं नाही.

आणि खाचा म्हणजे जास्त पकड हेही अर्धंच खरं, कोरड्या रस्त्यावर जेवढं रबर टेकेल तेवढं चांगलं. फॉर्म्युला वनमध्ये 1998 ते 2008 कोरड्या ट्रॅकच्या टायरलाही खाचा सक्तीच्या होत्या त्या पकड कमी करून गाड्यांचा वेग आवरायलाच, 2009 ला परत स्लिक, म्हणजे बिनखाचांचे गुळगुळीत टायर, आले.

तर बाणासारखा व्ही पॅटर्न नुसता भारी दिसतो म्हणून घेणार असाल तर घ्या बापडे, पाणी चांगलं काढतो तो, पण त्याला फिरायची दिशा ठरलेली असते, साइडवॉलवर बाण असतो, त्यामुळे टायर रोटेशन, म्हणजे टायरच्या जागांची अदलाबदल, करताना पुढचा मागे जाईल पण डावा सरळ उजवीकडे नाही टाकता येत, रिमवरून काढून उलटा बसवावा लागतो.