बाजरीचा गवत-संप, भाग ४ : १८२ लेंड्या

आज सकाळी ट्रेमध्ये बाजरीच्या, म्हणजे गवताला तोंड न लावणाऱ्या माझ्या सशिणीच्या, १८२ लेंड्या निघाल्या. चिमट्याने उचलून वर्तमानपत्रावर दहा-दहाचे ढीग मांडत होते, तेव्हा आईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि काही न बोलता आत गेली. तुम्हाला मात्र या आकड्याचं मोल कळेल. गेल्या महिन्यात मी ४० वर अडकले होते, आणि त्याही मिऱ्यांएवढ्या, काळ्या, टणक. आजच्या गावरान हरभऱ्याएवढ्या आहेत, फिकट, बोटात दाबली की भुगा. एक फोडून पाहिली, आत नुसत्या काड्या!

भाग ३ मध्ये मी छातीठोकपणे लिहिलं होतं की दोष गवताचा आहे. ते मागे घेते. म्हणजे गवत वाईट होतंच. काजूच्या भावाने मिळणारं परदेशी टिमोथी, त्या पाकिटात वरच्या दोन मुठी हिरव्या आणि खाली तपकिरी भुकटी. मग सासवडकडच्या एका गोठ्यातून पोतंभर वाळलेलं गवत आणलं, स्वस्त आणि मस्त. त्यात कुसळी निघाली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, तिचं कुसळ एका टोकाला सुईसारखं असतं आणि ओल लागली की पीळ सुटत-बसत आत घुसतं. ट्रेकला जाणाऱ्यांच्या मोज्यांत जे टोचतं तेच. माझ्या दुसऱ्या सशाच्या, कापसाच्या, हनुवटीखालच्या लोकरीत एक सापडलं, कातडीला भिडलेलं. सगळं पोतं परत गोठ्यावर. गायींना चालतं म्हणून सशांना चालेल, हा हिशोब करू नका.

पण कापूस हे सगळं खायचा. टिमोथी, भुकटी, पोत्यातलं, सगळं. बाजरी मात्र काडी उचलायची, दोनदा हलवायची, टाकून द्यायची. सशाला जवळजवळ चारी बाजूंचं दिसतं, पण स्वतःच्या नाकाखालचं दिसत नाही. तिथलं काम मिशा आणि ओठ करतात. म्हणून मला वाटलं, वासाला नाक मुरडते आहे बया. दोन महिने मी वास बदलत बसले. वाळलेला पुदिना झालं, कोथिंबीर कुस्करून झाली, सफरचंदाच्या सालींत गवत दाबून ठेवून झालं.

जानेवारीत, खरं तर कापसाची गंमत टिपायला, मोबाईलवर स्लो मोशनमध्ये दोघांचं जेवण घेतलं. रात्री पाहताना हातातला चहा तसाच राहिला. कापसाचा खालचा जबडा आडवा फिरतो, जात्यासारखा, एकदा या बाजूने आणि एकदा त्या बाजूने. बाजरी पेलेट (दाबून केलेल्या तयार खाण्याच्या गोळ्या) खाताना वर-खाली कुटते, उखळात कुटावं तशी. आणि गवताची काडी घेतली की फक्त डावीकडे. दोनदा डावीकडे चावते, थांबते, काडी खाली. हनुवटी किंचित ओली. इतके दिवस मी गवतातली कुसळं वेचत बसले होते आणि मुसळ तिच्या तोंडात होतं.

सशाला २८ दात, आणि सगळेच आयुष्यभर वाढतात. आपण बघतो ते पुढचे ६. ते तिचे उत्तम होते, म्हणून मी निर्धास्त. मागच्या २२ दाढा आपल्याला दिसतच नाहीत. त्या झिजायच्या तर गवत आडवं दळलं गेलं पाहिजे. पेलेट दोन चाव्यांत चुरतं, दळायला काही उरत नाही. मग दाढेला कोर येते, खालच्या दाढांची जिभेकडे, वरच्यांची गालाकडे. बाजरीच्या उजवीकडच्या खालच्या दाढेची कोर जिभेला टोचत होती. म्हणजे गवत खात नाही म्हणून दाढ वाढली, आणि दाढ वाढली म्हणून गवत खात नाही. कोंबडी आधी की अंडं आधी, ते मी सोडून दिलंय.

दाढ घासायला भूल द्यावी लागते. आदल्या संध्याकाळी दवाखान्याच्या रिसेप्शनवरून फोन : रात्री नऊनंतर काही खायला देऊ नका. मी म्हटलं, ससा आहे. पलीकडून, हो हो, सगळ्यांना हेच सांगतो. लोकहो, कुत्र्या-मांजराला उपाशी ठेवतात ते उलटी घशात जाऊ नये म्हणून. सशाला उलटी होतच नाही, आणि त्याचं पोट रिकामं राहिलं की आतडी मंदावतात. मी थेट डॉक्टरांना गाठलं. त्यांनी लगेच सांगितलं, शेवटपर्यंत खाऊ दे, आणि येताना तिच्या आवडीचा डबा आणा, शुद्धीवर आली की तिथेच द्यायचा. डॉक्टर उत्तम, फोनवरचा छापील निरोप वाईट. तुमच्याकडे असा फोन आला तर मान डोलावू नका.

दाढ घासून झाल्यावर तीन तासांत कोथिंबीर खाल्ली. मी खूश. गवत? अजिबात नाही. एक दिवस, दोन दिवस, नऊ दिवस. दुखणं गेलं होतं, पण गवत म्हणजे दुखणं हे तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

इथे मी माती खाल्ली. भूक लागली की खाईल म्हणून पेलेट ६० ग्रॅमवरून एकदम ३० वर आणले. (१.९ किलोच्या सशाला ६० हेच मुळात जास्त होतं. पण जे हळूहळू चढवलं ते हळूहळूच उतरवायचं असतं.) दुसऱ्या रात्री बाजरी कोपऱ्यात पोट आखडून बसली, डोळे अर्धे मिटलेले, कराकरा दात खातेय. कोथिंबिरीकडेही बघेना. ट्रेमध्ये संध्याकाळपासून शून्य. सकाळची वाट पाहिली नाही. आधी एक्स-रे, आत अडकलेलं काही नाही याची खात्री, मग सलाईन, दुखण्याचं औषध, आणि त्यानंतर सिरिंजने पातळ खाणं. अडथळा असताना तोंडातून कोंबलं तर जीवावर बेततं, म्हणून घरच्या घरी सिरिंज उचलू नका. पहाटे साडेपाचला पहिली लेंडी पडली. आईने देवापुढे साखर ठेवली. ‘बाळंतिणीसारखं करतेस तिचं’ म्हणणारी हीच बाई.

आता गच्चीकडे. नोव्हेंबरात थर्माकोलच्या पाच खोक्यांत ओट पेरला होता, केंट जातीचा. बी घेताना प्रक्रिया न केलेलं मागून घ्या, रंग चढवलेलं बी औषध लावलेलं असतं. पन्नासेक दिवसांनी, लोंबी यायच्या आत कापला. लोंबी आली की ताठ काडी आणि मोठ्या माणसाचा तोरा. जुन्या चादरीवर सावलीत पसरला. पूर्ण वाळायच्या आधीच, मरगळलेल्या अवस्थेत मूठभर तिच्यापुढे टाकला, आणि तिने पातं शेवयीसारखं आत ओढलं! दोन्ही बाजूंनी चावत! मग रोज थोडा जास्त वाळलेला द्यायचा, असं बारा दिवस. काल पूर्ण वाळका ओट, त्यात चौथा हिस्सा टिमोथी मिसळून. आज १८२.

दुसरा शहाणपणा जागेचा. ससे खाता खाता लेंड्या टाकतात, म्हणून गवत ट्रेच्या डोक्यावरच हवं. मागवलेलं सुंदर लाकडी रॅक खोलीच्या दुसऱ्या टोकाला शोभेला उभं होतं. आता तिथे माझ्या चपला असतात. त्याऐवजी तागाच्या पिशवीला चार भोकं पाडून ट्रेवर टांगली. ओढून काढावं लागतं, म्हणून जास्त खातात. खर्च शून्य.

लसूणघास दे, असं तिघांनी सुचवलंय. पिल्लांना, गाभण मादीला ठीक. मोठ्या सशाला रोज नको. त्यात कॅल्शियम भरपूर, आणि सशाचं शरीर ते आतड्यात अडवत नाही. गरजेपेक्षा जास्त शोषून घेतं आणि जादाचं लघवीतून बाहेर टाकतं. कापसाला मागे कालवलेल्या चुन्यासारखी पांढरी लघवी झाली होती, ती आठवण ताजी आहे.

सीकोंचाही, म्हणजे ससे स्वतःच पुन्हा खातात त्या मऊ लेंड्यांचाही, निकाल चांगला. पेलेट जास्त होते तेव्हा मऊ द्राक्षाच्या घोसासारख्या सीको ट्रेमध्ये तशाच पडायच्या, पार्श्वभागाला चिकटायच्या. गेले चार दिवस एकही सापडली नाही, म्हणजे थेट तोंडात घेऊन पोटात जातायत. पाहुण्यांना हे सांगू नये.

आणि आता गोची. वर ‘चौथा हिस्सा टिमोथी’ लिहून झालं आणि लक्षात आलं, पिशवीत काल ८० ग्रॅम भरलं होतं, सकाळी १२ उरलं. ६८ ग्रॅममधलं बाजरीचं किती? कापूस ३ किलोचा खादाड आहे. लेंड्या मी ओळखते, त्याच्या काबुली चण्याएवढ्या असतात. पण टिमोथीच्या काड्या त्याने वेचून खाल्ल्या असतील आणि तिने फक्त ओट, तर माझा चौथा हिस्सा कागदावरच. चाळून पाहायला हवं होतं. सकाळचं उरलेलं कचऱ्यात गेलं.

म्हणून आठवडाभर टिमोथी वाढवायचा बेत रद्द. मध्ये जाळी लावते, पण दोन्ही ट्रे जाळीला चिकटून, कारण कापूस दिसला नाही तर ती जेवत नाही. प्रत्येकी ४० ग्रॅम, तिच्या पिशवीत ओट आणि टिमोथी वेगवेगळ्या खिशांत. पुढची दाढ-तपासणी आठ आठवड्यांनी, एप्रिलमध्ये. तोवर उन्हाळा लागेल, शहाबादी फरशीचे दोन तुकडे आणि फुटक्या माठाचं खापर खाली काढून ठेवलंय, त्यावर पुढे लिहीन.

साडेअकरा वाजलेत. जाळी लावली. बाजरीने आधी जाळी चाटली, मग मागचा पाय दाणकन आपटून मला निषेध कळवला. आत्ता पिशवी हलतेय. कुठल्या खिशाची, ते अंधारात दिसत नाही.